पडद्याला पाठ कळत नाही

मुरमुऱ्याच्या घरात खोकल्याकडे कोणी लक्ष देत नसे. भट्टीत दिवसभर धानाचा कोंडा जळायचा, कढईत रेती तापायची आणि तीत मिठाच्या पाण्याचे तांदूळ पडले की असा तडतडाट उठायचा की माणसाला माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. मग चाळणीचा घसघस आवाज, रेती खाली, मुरमुरे वर. धूर छपराखाली कोंडून राहायचा. घरातला जो तो खोकायचा, पाहुणा आला तर तोही जाईपर्यंत खोकू लागायचा. चांद्याजवळच्या मूल नावाच्या गावात आमचे घर कुठे म्हणून विचारले तर लोक सांगत, नाक चालते तिकडे जा, पुढे कान नेतील. मुरमुरे, पोहे आणि सणाला गुळाचे लाडू, एवढाच आमचा धंदा. गावातली निम्मी पोरे आमच्या हातचे खाऊन शाळेत जात. म्हणून आत्याचा एक नियम होता, की घरातले कुठलेही आजारपण उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाही. ताप आला तरी बाहेर सांगायचे, पोरगी मामाकडे गेली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आईवडिलांमागे तिनेच आम्हा दोघा भावंडांना वाढवले आणि भट्टीही तिनेच चालवली. तिचा विश्वास कोणावरच नव्हता. तांदूळवाल्याचे पोते ती हात कोपरापर्यंत खुपसून तळाचे दाणे काढून बघायची, दूधवाल्याला चरवी उलटी करून दाखवायला लावायची. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरला आहे. आजही किराणा आला की मी यादी घेऊन एकेक पुडी उघडते, आणि सून हसते ते मला दिसते. दादा माझ्याहून बराच मोठा, उंच, कमी बोलणारा. आत्या सांगेल ते करायचे आणि पोती उचलायची. त्याचे लग्न झाले आणि गिरजावहिनी घरात आली, तेव्हा मी सातवीच्या परीक्षेची तयारी करत होते.

वहिनी वैनगंगेच्या काठच्या गावची, गडचिरोलीच्या अलीकडची. धान कापणाऱ्या घरातली, म्हणून हाताला चपळ. वांग्यात वाळलेले झिंगे घालून ती अशी भाजी करायची की त्या दिवशी लाखोळीच्या डाळीला कोणी विचारत नसे. धुराची तिला सवय नव्हती. आल्यापासून ती खोकत होती, आणि आमच्या खोकण्याहून तिचे खोकणे वेगळे वाटे, कारण ती पदर तोंडावर धरून, कोणाला कळू नये असे खोकायची. लपवलेला खोकला म्हणजे आत्याच्या दृष्टीने लपवलेली गोष्ट. "ह्याईनं पोरगी देतानी काई सांगतलं नाई," ती मला चाळणी धरता धरता म्हणाली होती. "लपवून देल्ली असन त मले कळन."

अशात गावात गाडी आली. क्षयाची तपासणी करणारी सरकारी मोटार, तिच्या मागे विजेचे यंत्र. दवाखान्यातल्या एका खोलीच्या खिडक्यांना कांबळी ठोकली, दारावर दुहेरी काळा पडदा लावला आणि दवंडी पिटली की एकेका घराने यावे, छाती आतून दिसते, पैसा पडत नाही. फुकट आहे म्हटल्यावर आत्याचा संशय आणखी वाढला. डॉक्टर दिवसाउजेडी लाल काचांचा चश्मा लावून व्हरांड्यात नुसते बसून राहत, त्यावरून गावात बऱ्याच गोष्टी पसरल्या. लाल चश्म्यातून बाईच्या अंगावरचे कपडे दिसत नाहीत, ही त्यातली सगळ्यात जास्त चाललेली. खरे कारण साधे होते, ते मला नंतर कळले. त्या पडद्यावरचा उजेड इतका मंद असे की उन्हातून आलेल्या डोळ्याला काहीच दिसत नसे. लाल काचेमागे डोळे आधीच अंधाराला सरावत.

आत्या वहिनीला घेऊन गेली ती कोणाच्या भल्यासाठी नाही, खात्री करून घ्यायला. मला बरोबर घेतले, कारण साक्षीला कोणीतरी हवे. दादा आला नाही. पुरुष फारसे गेलेच नाहीत त्या खोलीत. आम्हाला काय झाले आहे, असे म्हणत बाहेर पारावर बसले. आत जाण्याआधी नर्सबाईने वहिनीला गळ्यातले काढायला सांगितले. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र काढायचे नाही, हे तिथल्या कोणाही बाईला शिकवावे लागत नव्हते. नर्सबाईलाही ते ठाऊक असावे. ती म्हणाली, "मंग वर उचला अन् दातात धरा." वहिनीने पोत दातांत धरली. तशीच ती आत गेली, पाठीमागे आम्ही.

आत काळोख. आमच्या आधीच्या दोन बायका होईपर्यंत आमचे डोळे त्याला सरावले, मग वहिनीची पाळी आली. यंत्र घुमू लागले आणि अंधारात हवेतच हिरवट उजेडाचा एक चौकोन उमटला. वहिनी त्याच्या मागे उभी होती आणि त्या चौकोनात तिच्या फासळ्या होत्या, वर-खाली होणाऱ्या. मधोमध काहीतरी काळे धडधडत होते. आत्याने माझे मनगट धरले होते, ते तिने घट्ट आवळले. उजव्या बाजूला, फासळ्यांच्या मध्ये, सुपारीएवढी एक सावली होती. डॉक्टरांनी वहिनीला श्वास घ्यायला, सोडायला सांगितले. सावली हलली, पण गेली नाही.

"इथे डाग दिसतो," डॉक्टर म्हणाले. ते नागपूरकडचे, पुस्तकी बोलणारे. "लगेच काही म्हणत नाही. गाडी निघण्याआधी एकदा परत दाखवा. तसाच दिसला तर चांद्याला न्यावे लागेल." यंत्र बंद झाले, उजेड गेला. अंधारात वहिनी मंगळसूत्र दातांतच धरून उभी होती, त्यामुळे ती काही बोलू शकली नाही.

घरी आल्यावर आत्याने फळीवरून एक पितळी काढली, ती वहिनीच्या जेवणासाठी वेगळी ठेवली आणि दादाला आत बोलावले. "म्या माह्या डोळ्यानं पाह्यला डाग," ती म्हणाली. "हे बाहेर फुटलं त आपल्या मुरमुऱ्याले कुत्रं तोंड लावणार नाई. तिच्या बापाले निरोप धाडतो. येऊन घेऊन जाय म्हना." वहिनी भट्टीशी जाऊन बसली तर आत्याने तिला तिथूनही उठवले. निरोप गेला. दादाने नाही म्हटले नाही. त्या रात्रीपासून तो ओसरीवर झोपला.

माझ्या मनात मात्र दुसराच संशय होता. आत्याचा वहिनीवर, माझा त्या पडद्यावर. वहिनीच्या आधी मी त्या दोन बायकांच्या वेळचाही उजेड पाहिला होता आणि मला सगळ्यांच्या छात्या सारख्याच वाटल्या होत्या. तेच फासळ्यांचे पिंजरे, तेच काळे धडधडणे. मग हे माणसाच्या आतले कशावरून? पडद्यावर आधीच काढून ठेवलेले चित्र असेल तर? पेटीत डोळा लावून काशी-मथुरा दाखवणारा आमच्या बाजारात येत असे. दर माणसाला तो तीच काशी दाखवायचा. आज माझ्या टेबलावर कॉम्प्युटरचा मॉनिटर आहे, आणि खरे सांगायचे तर त्याच्यावरही माझा सुरुवातीला असाच संशय होता. दुरुस्तीला आलेल्या मुलाला मी नीट बसवून विचारून घेतले. त्याने सांगितले की काचेला आतून लेप दिलेला असतो, मागून किरण येऊन आदळतो, आदळेल तिथला ठिपका उजळतो, आणि असा एकेक ठिपका, ओळीमागून ओळ, वरून खाली, पुन्हा वरून खाली. कुठल्याही एका क्षणी पूर्ण चित्र तिथे नसतेच, बाईसाहेब, म्हणाला, बाकीचे तुमचा डोळा धरून ठेवतो. ते ऐकून मला दवाखान्यातला तो हिरवा चौकोन आठवला. तिथे ओळी-बिळी नव्हत्या, एकदम सावली पडायची. पण त्या पडद्याच्या पुठ्ठ्यावरही लेप तसाच, अंधारातून येणारा न दिसणारा किरण तसाच, आणि राहिलेले भरून काढणारे डोळेही आमचेच.

शाळेतल्या मुलींची पाळी दुसऱ्या दिवशी होती. मी गोदामाची लोखंडी किल्ली घेतली आणि पोलक्यात पाठीवर, नाडीखाली खोचली. हिशेब सरळ होता. पडदा छातीच्या पुढे असतो. चित्र आधीच काढलेले असेल तर किल्ली दिसणार नाही. ते खरोखर माझ्या आतले असेल तरी किल्ली पाठीवर, छातीत नव्हे, म्हणजे तेव्हाही ती दिसू नये. दिसलीच तर यंत्र काय करते ते मला कळेल. आज बघताना हा हिशेब अर्धा कच्चा वाटतो, पण त्या वयात मला तो चोख वाटला होता.

यंत्र घुमले. डॉक्टर क्षणभर गप्प झाले, मग हसू लागले. "ही मुलगी कुलूप लावून आली आहे," ते नर्सबाईला म्हणाले. "काय गं, छातीत किल्ली कशी गेली?"

"छातीत नाई जी," मी पडद्यामागून म्हटले. "पाठीवर आहे."

"काऊन ठेवली?" नर्सबाई चिडली. "लोखंड काढा म्हून घसा फाडून सांगून राह्यलो ना?"

"पाठीवरचं समोर कसं दिसलं पण?"

डॉक्टरांनी मला पुढे ओढले आणि माझ्या जागी नर्सबाईचा हात ठेवून दाखवला. किरण मागून येतो, ते म्हणाले, अंगातून आरपार जातो आणि पडद्यावर पडतो. वाटेत जे जे अडवेल त्याची सावली. ते पोटात आहे, पाठीवर आहे, की पदराच्या गाठीत आहे, हे पडद्याला कळत नाही. सगळे एकावर एक सपाट होऊन पडते. त्याला पाठ आणि पोट एकच.

मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले आणि तिथेच थांबले. वहिनीच्या पाठीवर काय आहे ते मला माहीत होते. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी तिला नहाताना पाठ चोळून दिली होती. दोन्ही खांद्यांच्या मधे, किंचित उजवीकडे, काळ्या दोऱ्यात अडकवलेले सुपारीएवढे गाठोडे होते. त्यात बिब्बा, हळकुंडाचा तुकडा आणि खड्याचे मीठ. नव्या सुनेला दृष्ट लागू नये म्हणून पहिले वर्षभर ते पाठीवर राहू द्यायचे, कोणाला सांगायचे नाही, सांगितले की त्याचा जोर जातो. दोरा ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. तो आत्याने बांधला होता.

मी घरी गेले तेव्हा आत्या कढईशी होती. मी तडतडाटातच तिला सगळे सांगितले. तिने कढई उतरवली, आणि त्या अचानक शांततेत तिचा आवाज मोठा वाटला.

"म्हंजे माह्या बिब्ब्यानं तिची छाती सडली म्हंतं?"

"सडली नाई. त्या बिब्ब्याचीच सावली पडली. छातीत काईच नसन."

"पाठीवर बांधलेलं समोर दिसते?"

"किल्ली दिसली ना."

आत्याने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिले. "तुले तिनं शिकवलं. तूही तिच्या पार्टीत गेली, नाई का?"

वहिनी दाराशी आली होती. तिने सगळे ऐकले असणार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती आत्यासमोर पदर न ओढता उभी राहिली. "मले मालूम नोतं, आत्याबाई, की पाठीचं समोर दिसते," ती म्हणाली. "नाईतर तवाच सांगतलं असतं. पण तोंडात मंगळसूत्र व्हतं, अन् बिब्ब्याचं त सांगायचंच नाई म्हून तुमीच शपथ घातली."

"मंग सोड ना आता. कोनं धरलं तुले?"

"मी नाई सोडत. मी सोडला अन् उद्या या घरात कोनाचं बोट जरी दुखलं, त माह्या नावानं खडे फोडाल. तुमी बांधला, तुमीच सोडा. अन् तिथंच सोडा, डाक्टरच्या समोर."

आत्याला असे कोणी बोलले नव्हते. तिने झारा रेतीत खुपसला आणि कढई पुन्हा भट्टीवर चढवली. वहिनीला मी आधी गरीब समजत होते. ती गरीब नव्हती. ती आमच्यातल्या प्रत्येकाला शांतपणे जोखत होती, आणि आत्याइतकाच तिचाही कोणावर विश्वास नव्हता.

गाडी निघायच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. काळ्या पडद्याच्या आत, दाराशीच, आत्याने वहिनीच्या पोलक्यात हात घालून गाठ सोडली. तोंडाने काहीतरी पुटपुटली आणि गाठोडे मुठीत धरले. यंत्र घुमले. हिरव्या चौकोनात फासळ्या आल्या, धडधडणे आले. उजवी बाजू स्वच्छ होती. डॉक्टरांनी तिला वळवून पाहिले, श्वास घ्यायला लावला. "काही नाही," ते म्हणाले. "छाती साफ आहे. खोकला धुराचा."

मला वाटले झाले. पण आत्याने काही मानले नाही. "थांबा जी डाक्टर," ती म्हणाली आणि पुढे सरकली. वहिनी आणि यंत्र यांच्यामधल्या फटीत तिने पडद्याकडे मान काढून बाजूने आपला हात घातला, मुठीत गाठोडे धरून, अगदी जिथे ते बांधले होते तिथे. डॉक्टर नको नको म्हणेपर्यंत ते दिसलेही. वहिनीच्या छातीत, फासळ्यांच्या जाळीवर, आत्याच्या पाच बोटांची हाडे उमटली होती, आणि त्या हाडांच्या मुठीत ती सुपारीएवढी सावली. आत्याने हात काढला, छाती साफ. आत्याने हात घातला, पुन्हा हाडे. तिसऱ्यांदाही तिने हात घातला. डॉक्टरांनी यंत्र बंद केले. आजकाल कोणी असे किरणात उभे राहू देणार नाही, आणि देऊही नये. किरणांचा धोका तेव्हा त्यांनाही पूर्ण ठाऊक नसावा.

बाहेर उजेडात आत्याने एवढेच विचारले, "ते माहे हाडं व्हते का?" मी हो म्हटले. तिने पदराने हात पुसला, जसा काही त्याला काही लागले होते.

घरी आलो तर अंगणात बैलगाडी सुटलेली होती. वहिनीचे वडील मुक्काम करत करत आले होते. आत्या पुढे झाली, पाय धुवायला पाणी दिले आणि म्हणाली, "काई नाई निंगालं जी व्याही. यंत्राचा घोळ व्हता. आता जेवून जा." आपला बिब्बा तिने यंत्राच्या नावावर टाकला ते मी ऐकले. वहिनीनेही ऐकले. ती आत गेली आणि लुगड्यांचे गाठोडे बांधून बाहेर आली.

"आता कायले?" आत्या म्हणाली. "साफ आहे म्हनलं ना डाक्टरनं."

"बाबांनी बैल इतके दूर हाकून आणले," वहिनी म्हणाली. "रिकामी गाडी कशी धाडू?"

गाडीत बसण्याआधी ती दादासमोर थांबली. तो पोत्याला टेकून उभा होता. "तुमी त त्या खोलीत आलेच नाई," ती म्हणाली. "डाग आहे म्हून कोनं सांगतलं तुमाले?"

"आत्यानं."

"अन् डाग नाई, हे?"

"तेही आत्यानं." दादाला आपण काय बोललो ते बोलल्यावर कळले असावे, कारण त्याने मान खाली घातली. गाडी गेली.

तिला आणायला दादा गेला तो पावसाळा सरून नदीचे पाणी उतरल्यावर. मीच हट्ट करून त्याच्याबरोबर गेले, कारण तो तोंड उघडेल याची मला खात्री नव्हती. सासऱ्याने त्याला अंगणातच उभे केले. पाण्याचा तांब्या हातात होता, पण पुढे केला नाही. "जावईबापू," तो म्हणाला, "आमच्या पोरीची छाती तुमच्या गावानं पाह्यली. तुमची कोनं पाह्यली? तुमच्या घरात त सारेच खोकतात म्हनते. धुराचा आहे का लपवलेला, आमाले कसं कळन?" वहिनी दारात उभी होती, हसत नव्हती.

म्हणून आम्ही दोघे चांद्याला गेलो, मोठ्या दवाखान्यात. दादा पडद्यामागे उभा राहिल्यावर त्याच्या श्वासाचा आवाज मला यंत्राच्या घुमण्यातूनही ऐकू येत होता. उजेड लागला. त्याच्या रुंद फासळ्या, आणि त्यांच्या आड एवढ्या मोठ्या माणसाचे घाबरलेले, जोरात धडधडणारे काळीज. डॉक्टरांनी त्याला फिरवले, वाकवले आणि म्हणाले, "साफ. जा."

दादा जागचा हलला नाही. पडद्यामागून त्याने मला विचारले, "तुले दिसते का तसंच?"

मी नीट पाहिले, वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजू.

"दिसते," मी म्हटले. "पण वहिनीले तू सोता सांग. तिनं भरोसा ठेवला त ठेवला."

डॉक्टरांनी बटण दाबले आणि तो अंधारात कपडे चाचपत राहिला.